शेऱ्याचा रकाना

लाकूड आयातदार मंडळाच्या ऑफिसात तिला सगळे घनमीटरबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की घनमीटरबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. सव्वीस वर्षं जो माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घनमीटरच मोजतो, त्याला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

खरं तर ती लाकूड मोजायची नाही, लाकडाचे आकडे मोजायची. उत्तरेकडच्या थंड जंगलांतून पाइनचं, स्प्रूसचं मऊ लाकूड जहाजांनी यायचं. छपरं, दारं, खोकी, जे म्हणाल ते त्याचं व्हायचं. तीच जंगलं आणि तीच जहाजं दोन देशांना पुरायची: एक तिचा आणि दुसरा समुद्राच्या पट्ट्यापलीकडचा, जहाजाने सात तासांवरचा. पलीकडच्यांनी किती उचललं हे कळल्याशिवाय इकडच्या व्यापाऱ्यांना चैन पडायचं नाही आणि त्यांचंही तसंच. म्हणून दोन्ही मंडळांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं की, दर महिन्याला आपापल्या आयातीचा तक्ता एकमेकांना पाठवायचा. ओंडके इतके, चिरीव लाकूड इतकं, खांब इतके, एकूण इतकं. खाली सही आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. पुढे ईमेल आलं, तरी सही-शिक्क्याचा कागद टपालानेच जायचा-यायचा. पलीकडचा तक्ता आपल्या तक्त्याशेजारी मांडायचा आणि वर्षाअखेरीस दोन्ही देशांची तुलना काढायची, हे बाईंचं काम.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, गोदामाच्या डोक्यावर होती. खालून ट्रकांचे भोंगे आणि राळेचा वास वर यायचा. तो वास तिच्या स्वेटरमध्ये असा मुरला होता की कितीही धुतला तरी जायचा नाही. समोर पाहुण्यांसाठी एक खुर्ची होती. पाहुणे येत नसल्यामुळे तिच्यावर फायली बसलेल्या असायच्या.

शेऱ्याचा रकाना वर्षानुवर्षं कोराच यायचा. सतरा वर्षांपूर्वीच्या एका मार्चमध्ये मात्र पलीकडून आलेल्या तक्त्यात तिथे एक ओळ होती. "बर्फ अजून हटलेलं नाही. लाकूड धक्क्यावर पडून आहे आणि आम्हीही."

बाई एकटीच खोलीत हसली. मग आपल्या तक्त्यात तिने लिहिलं, "इथेही तेच. फरक इतकाच की लाकडावर ताडपत्री घालतात."

तिथून ते सुरू झालं. महिन्याला एक ओळ, फार तर दोन. नावगाव, चौकशा काही नाही. पलीकडचा शेराही तक्त्यासारखाच टाइप केलेला, म्हणजे अक्षराचीही ओळख नाही. सहीसुद्धा तारेच्या भेंडोळ्यासारखी, वाचता न येणारी, आणि तिच्याखाली फक्त 'आकडेवारी अधिकारी' असं छापलेलं. बाईंनी मनातल्या मनात त्यांना 'पलीकडचे' असं नाव ठेवलं. पलीकडचे कधी जहाजाच्या कप्तानाची खोडी काढायचे, कधी आपल्या मोडक्या हिटरची तक्रार करायचे. तिला वाटायचं, साधारण आपल्याच वयाचे असावेत. चष्मा असावा. माणूस एकटा असावा. भरल्या घरातल्या माणसाला हिटरविषयी तक्त्यात लिहायची गरज काय?

अकरा वर्षांपूर्वी तिची आई गेली. घरात त्या दोघीच होत्या. दादा आला, वहिनी आली, 'खंबीर राहा' म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून दोघं निघून गेली. बाईंचा तक्ता त्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा उशिरा गेला. शेऱ्यात तिने लिहिलं, "चार दिवस उशीर झाला. आई गेली."

पुढच्या तक्त्यात उत्तर होतं. "तक्ता उशिरा आला तरी चालतो. जेवत जा."

तिने तो कागद फाइलला लावला नाही, घरी नेला. सव्वीस वर्षांत ऑफिसचा कागद घरी नेण्याची ती एकच वेळ.

नंतर दोनेक वर्षांनी पलीकडचे बदलले. शेरे आखडले. "पाऊस. आयात घटली." "आयात वाढली. थंडी." जिवावर आल्यासारखे. बाईंना काळजी लागली. तिने ठरवलं की त्यांची तब्येत बरी नसणार. मग की आता वय झालं. मग वाटलं, आपलंच काही बोलणं लागलं असेल, म्हणून तीही आखडून लिहायला लागली. असं पाच वर्षं चाललं. आणि चार वर्षांपूर्वी अचानक शेऱ्यांत पुन्हा गंमत आली, हिटर आला, कप्तान आला. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. बरे झाले एकदाचे, असं ती चक्क मोठ्याने म्हणाली आणि शिपाई दारातून डोकावून गेला.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. अध्यक्षांच्या डोक्यात आलं की दोन्ही देशांच्या मऊ लाकडाच्या आयातीची चाळीस वर्षांची तुलना छापायची. त्याआधीचे आकडे धड नव्हतेच.

"फक्कड पुस्तिका काढू, बाई," ते म्हणाले. "दोन रेषा. आपली निळी, त्यांची लाल. तीन वर्षं ते आपल्याही पुढे गेले होते ना? ते दाखवू, म्हणजे आपल्या लोकांना जरा झोंबेल."

बाईंनी चाळीस वर्षांचे आकडे एका लांब कागदावर मांडले. पंधरा वर्षांपूर्वी लाल रेषा एकदम उडी मारून निळीच्या वर गेली होती आणि तीन वर्षांनी तशीच धप्पकन खाली आली होती. त्या वेळी सगळे म्हणाले होते की पलीकडे बांधकामांना ऊत आलाय, आणि तिनेही ते मान्य केलं होतं. आता सगळं एका नजरेत दिसल्यावर तिला ते खटकलं. चिरीव लाकूड वाढलं नव्हतं, खांब वाढले नव्हते. वाढले होते ते फक्त ओंडके, आणि तेही तिन्ही वर्षं जवळजवळ सारख्याच प्रमाणात. बांधकाम असं मोजूनमापून वाढत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने पलीकडे पत्र टाकलं. उत्तर आलं की त्या वर्षांची मूळ रजिस्टरं कागदावरच आहेत, येऊन बघावीत, स्वागत आहे.

"जाऊन या," अध्यक्ष म्हणाले. "पण परत या म्हणजे मिळवली. तुम्ही तिकडे राहिलात तर आमची घनमी..." आणि ते घाईघाईने खोकले.

बाईंनी बूट शिवून घेतले. एक निळसर स्कार्फ घेतला, घरी आरशासमोर बांधला, या वयात काय ही थेरं म्हणून काढून ठेवला, आणि निघायच्या सकाळी पुन्हा बांधला. जहाजावर सात तास ती डेकवरच्या बाकावर बसून होती. पहिलं वाक्य काय बोलायचं याची तिने अनेकदा उजळणी केली. 'हिटर दुरुस्त झाला का?' हे तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

पलीकडचं ऑफिसही गोदामाच्या डोक्यावरच होतं. वास तोच. दार उघडलं ते तिशीतल्या एका बाईने. अंगात सैलसर स्वेटर, केसांत पेन्सिल खोचलेली.

"तुम्हीच ना? या, या ताई! किती दिवस वाट बघतेय."

"आकडेवारी अधिकारी आहेत का?" बाईंनी विचारलं.

"मीच की."

बाई तिच्या मागे बघत राहिली, कुणीतरी येईल म्हणून.

"पण सही तर..."

"ती होय!" तिने ड्रॉवर उघडला आणि लाकडी मुठीचा एक शिक्का काढून टेबलावर ठेवला. "सहीचा शिक्का. पहिल्या साहेबांच्या सहीचा बनवलाय. नवी सही करायची तर म्हणे मंडळाचा ठराव लागतो. कोण त्या भानगडीत पडणार? मीही हाच मारते. चार वर्षं झाली मला."

बाई खुर्चीवर बसली. ही खुर्ची रिकामी होती, मुद्दाम पुसलेली होती.

"म्हणजे हिटर तुमचा?"

"तो या खोलीचा आहे हो, सगळ्यांच्या वाट्याला आलाय." ती हसली. "मी आले तेव्हा मला काम शिकवायला कुणी नव्हतं. तुमच्या तक्त्यांची फाइल सापडली, ती पहिल्यापासून वाचून काढली. पहिले साहेब काय छान लिहायचे! म्हटलं, तसंच लिहावं, नाहीतर तिकडे त्या ताईंना वाटेल, हे काय आता."

"पहिले साहेब किती वर्षं होते?"

"तुम्हाला लिहायला लागल्यापासून आठ. मग एक दुसरे होते पाच वर्षं. मग मी."

आठ, पाच आणि चार. बेरीज बरोबर होती. बाईंची बेरीज कधी चुकायची नाही.

मग त्यांनी रजिस्टरं काढली, कारण त्यासाठीच ती आली होती. दोघी दुपारभर शेजारी बसून ओळींवरून बोट फिरवत होत्या, एक वाचायची आणि दुसरी टिपून घ्यायची. चारच्या सुमारास चूक सापडली. पंधरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीच्या पानावर समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'यापुढे ओंडके सालीसकट मोजायचे आहेत, वरून आदेश.' आणि तीन वर्षांनंतरच्या जानेवारीत: 'आदेश रद्द. साल वगळून.' इतकंच. तक्त्यात ते कुणी कळवलं नव्हतं. साल वजा केल्यावर लाल रेषा आपली शहाण्यासारखी निळीच्या खालून चालू लागली. पलीकडचे कधी पुढे गेलेच नव्हते. त्यांनी तीन वर्षं साल मोजली होती.

"आमची तेवढीच तीन वर्षं मिरवायची होती, तीही घेतलीत ताई," ती म्हणाली आणि दोघी हसल्या. बाईंना तिचं हसणं आवडलं. पण आतून काहीतरी हललं होतं, ते जागेवर येईना.

"पहिले साहेब आता कुठे असतात?"

"इथेच. पुलापलीकडे लाकडाच्या गिरणीत. फळ्यांची प्रत ठरवतात. भेटा ना उद्या सकाळी, तुमचं जहाज तर दुपारी आहे."

"आणि दुसरे?"

"ते गेले. चार वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच. म्हणून तर ही जागा रिकामी झाली." ती रजिस्टरं आवरत म्हणाली. "मी काही त्यांना पाहिलं नाही. मागेपुढे कुणी नव्हतं म्हणतात. ऑफिसातले चौघं गेले होते पोचवायला."

दुसऱ्या दिवशी बाई स्कार्फ बांधून पूल ओलांडून गेली. गिरणीत करवतींचा असा आवाज होता की स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. रखवालदाराने बोट दाखवलं. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस सरकत्या पट्ट्याशी उभा होता. समोर येणाऱ्या प्रत्येक फळीवरच्या गाठी बघत होता, अंगठ्याने दाबत होता आणि खडूने खूण करत होता. चष्मा नव्हता.

तिने ओळख सांगितली. ती त्याला दोनदा ओरडून सांगावी लागली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"अरे, तुम्हीच का त्या! एका मे महिन्यात दशांशचिन्ह एक घर पुढे सरकवलं होतंत तुम्ही. दहापट लाकूड! आमच्या अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं होतं!"

तो तिला बाहेर आवारात घेऊन आला. तिथे फळ्यांच्या थप्प्या होत्या आणि आवाज जरा कमी होता. तो मोकळेपणाने बोलला. तीन मुली, दोन जावई, बायकोचे गुडघे. ऑफिस का सोडलं? "आकड्यांचा कंटाळा आला हो. आयुष्यभर लाकूड लाकूड करायचं आणि हाताला एक कुसळ लागायचं नाही. इथे निदान हातात येतं. ही बघा, ही गाठ जिवंत आहे, ही फळीत राहणार. ही मेलेली, वाळली की गळून पडेल. ही फळी खालच्या प्रतीत."

बाई ऐकत होती. मग तिने विचारलं, "माझी आई गेली तेव्हा तुम्ही शेऱ्यात एक ओळ लिहिली होती. जेवत जा, म्हणून."

तो आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे, एखादं जुनं बिल शोधावं तसं.

"लिहिलं असेल," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू बाई, आठवत नाही. तेव्हा आम्ही आणखी पाच देशांना तक्ते पाठवायचो. मला सवय होती, सगळ्यांनाच काहीबाही लिहायचो. काही जण उत्तर द्यायचे, काही नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, "पण बरं झालं ना लिहिलं ते?"

"हो," ती म्हणाली. "फार बरं झालं."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली, नवी खेप आली होती. त्याने हातावरची भुकटी पँटला पुसली, तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि आत गेला. भला माणूस होता. त्याचा काही म्हणता काही दोष नव्हता.

परतीच्या जहाजावर गार वारा होता. ती आतल्या दालनात बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. ज्या माणसाशी आपण सतरा वर्षं बोलत होतो, तो माणूस कुठेच नव्हता, हे तिला कळत होतं आणि वळत नव्हतं. त्याचा हिटर एकीचा, त्याची माया दुसऱ्याची, आणि ज्या आजारपणाची आपण पाच वर्षं काळजी वाहिली, ते तर आजारपणच नव्हतं. तो तिसराच माणूस होता. त्याला लिहायला आवडत नव्हतं, पण आधीच्याने पाडलेला पायंडा मोडवला नाही म्हणून दर महिन्याला तो तिला काहीतरी लिहीत होता. तिने त्याच्या ओळी आठवून पाहिल्या. 'पाऊस. आयात घटली.' यापलीकडे एकही आठवेना.

ऑफिसात पोचल्यावर तिने पहिल्यांदा त्या पाच वर्षांची फाइल काढली. साठ तक्ते. पाहुण्यांच्या खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवून ती तिथेच बसली आणि शेरे वाचत गेली, आता एका वेगळ्याच माणसाचे म्हणून.

"पाऊस. आयात घटली."

"पाऊस थांबला."

"खोली बदलली. नवी खोली धक्क्याकडे आहे. जहाजं दिसतात."

हे तिने तेव्हा वाचलं होतं का? वाचलंच असणार. तिला वाटलं असेल, ऑफिसची खोली. पण ऑफिसची खोली तर तीच होती, हिटरसकट; ही त्याची राहायची खोली होती.

"तुमचा शेरा या वेळी मोठा होता. बरं वाटलं."

"थंडी. दोन दिवस ताप. तक्ता वेळेवर."

आणि चौथ्या वर्षाच्या ऑक्टोबरात: "तुमच्याकडे रविवारी लोक काय करतात?"

बाईंनी पुढच्या महिन्याच्या आपल्या तक्त्याची प्रत शोधली. शेऱ्याच्या रकान्यात तिच्याच नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं, "ओंडक्यांची आवक वाढली. बाकी ठीक."

त्यानंतर त्याने कधी काही विचारलं नव्हतं. पाऊस, थंडी, आयात. शेवटच्या तक्त्यात तर नुसतं "ठीक."

खाली ट्रक भोंगा वाजवत होता. रविवारच्या त्या प्रश्नाला तेव्हाच उत्तर द्यायचं झालं असतं, तर आपण काय लिहिलं असतं? रविवारी ती कपडे धुवायची. दादाचा फोन यायचा, काय चाललंय, काही नाही, बरं ठेवतो. मग संध्याकाळ व्हायची.

तिने पलीकडे फोन लावला. सव्वीस वर्षांतला पहिला.

"ताई! पोचलात का नीट?"

"पोचले. मला त्या दुसऱ्या साहेबांचं नाव हवंय."

"थांबा हं, शिपाईकाकांना विचारते." पलीकडे दूरवर बोलणं झालं, मग कागदाचा आवाज. तिने नाव अक्षर-अक्षर सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

"काका म्हणतात, ते रविवारीही ऑफिसात यायचे," ती म्हणाली. "काम नसायचं. खिडकीशी बसायचे म्हणे. काका कुलूप उघडून द्यायचे आणि संध्याकाळी लावायचे. का हो ताई?"

"काही नाही. एक उत्तर द्यायचं राहिलं होतं."

पुस्तिका तयार झाली. अध्यक्षांना दोन रेषा पाहून जरा वाईट वाटलं. कुणी कुणाच्या पुढे गेलंच नव्हतं, झोंबणार कुणाला? पण साल वगळल्याची टीप वाचून ते खूश झाले, चाळीस वर्षांत असं बारीक काम कुणी केलं नव्हतं म्हणाले. शेवटच्या पानावर आभार होते. तिथे ते अडले.

"बाई, ही तीन नावं कुणाची? तिकडे तर एकच अधिकारी आहे. सही एकच असते."

"तीन आहेत."

"मधल्या नावापुढे कैलासवासी लिहायला हवं ना?"

"लिहा," बाई म्हणाली. "पण नाव काढू नका."

पुस्तिकेच्या प्रती वाटल्या गेल्या. एक पलीकडे गेली, एक गिरणीत गेली. तिसरी कुठे पाठवायची ते तिला कळेना. तिने पत्ता विचारून पाहिला, पण त्या खोलीत आता दुसरं कुणी राहत होतं.

महिनाअखेरीस तिने नेहमीसारखा तक्ता भरला. ओंडके, चिरीव लाकूड, खांब, एकूण. शेऱ्याशी थांबली. मग तिने लिहिलं, "तुम्ही रविवारी काय करता?"

तीन आठवड्यांनी पलीकडचा कागद आला. सहीच्या जागी पहिल्यांदाच शिक्का नव्हता, निळ्या शाईत नवीन, गोल गोल सही होती आणि खाली कंसात 'ठराव झाला' असं लिहिलेलं. शेऱ्यात होतं, "मुलीला घेऊन पुलावर जाते. ती जहाजं मोजते आणि चुकीची मोजते. तुम्ही?"

बाईंनी आकडे आधी उतरवून घेतले. मग आपला कोरा तक्ता पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि त्या एका शब्दासमोर बसून राहिली. बाहेर धक्क्यावर क्रेन फिरत होती. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचं तर 'कपडे धुते' एवढंच होतं. शेवटी तिने तेच लिहिलं. वाचलं. पूर्णविराम खोडला, आणि पुढे काय लिहावं याचा विचार करत, खाली दिवसभराचं काम आटोपून गोदामाची दारं ओढली जाईपर्यंत ती तशीच बसून होती.